सातव्या नटावरची लाल रेघ

त्या नटावरची लाल रेघ मी पुसली. कापसाचा बोळा, बायकोच्या कपाटातलं नेलपॉलिश काढायचं औषध, आणि दोन मिनिटं. हे मी आजवर ज्यांना सांगितलं त्यांनी ‘एवढंच ना’ असं म्हटलं. एवढंच नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

मी पोलादाच्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करतो. दिवसभर संगणकावर पाइपलाइनच्या आकृत्या काढायच्या, स्वतःच्या हातानं एकही पाइप जोडायचा नाही, अशी सव्वीस वर्षं गेली. पंचेचाळिशीनंतर मला एक नाद लागला. लहानात लहान पेटीत मोठ्या ताकदीचा संगणक बसवायचा, आणि तो पंख्यांनी न घोंगावता पाण्यानं थंड ठेवायचा. व्हिडिओ पाहून पाहून मी सामान मागवलं. पेटी आली ती चपलांच्या दोन खोक्यांएवढी. तिच्यात मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एक छोटा पंप आणि रेडिएटर. पंप पाणी ढकलतो, ते गरम भागांवरच्या पितळी ठोकळ्यांतून फिरतं, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं, निवतं आणि परत जातं. कागदावर सगळं बसलं. प्रत्यक्षात चार नळ्यांना बोटभर जागेत वळणं द्यायची होती. माझ्या हातून पहिल्याच दोन नळ्या चेमटल्या.

म्हणून मी काकांकडे गेलो. काका माझे सख्खे नव्हेत. प्लांटमध्ये माझ्या वडिलांच्या हाताखाली फिटर होते, मूळचे भंडाऱ्याकडचे, निवृत्त होऊन हुडको कॉलनीत राहणारे. पाइपचं काम म्हटलं की या हिंदी मुलखातले आमच्या ओळखीतले सगळे मराठी लोक त्यांनाच बोलवायचे. गीझर असो, स्वयंपाकघरातली गॅसची लाइन असो, एसीची तांब्याची नळी असो.

त्यांनी पेटी उचलून चहूकडून पाहिली.

“हे का होय बे?”

“काँप्युटर, काका. पाण्यानं थंड होणारा.”

“म्हणजे भट्टीचंच काम.” ते हसले. “फक्त टिफिनच्या डब्यात करून राहिला तू.”

मग ते कॅम्प वन वस्तीतल्या एका एसी दुरुस्तीवाल्याकडून मऊ तांब्याची नळी घेऊन आले आणि तीन रविवार आमच्या व्हरांड्यात बसले. नळीत बारीक वाळू भरायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि गुडघ्यावर ठेवून अंगठ्यांनी हळूहळू वळवायची. वळण पूर्ण झालं की वाळू काढून नळी आतून धुवायची. मी नुसता वाळू चाळून देत होतो. चार नळ्या, आठ टोकं, आठ नट.

काकांची एक पद्धत होती. नट कसून झाला की ते नट आणि खालचा भाग यांच्यावरून एक सरळ लाल रेघ ओढायचे. नंतर कोणी नट फिरवला, की रेघेचे दोन तुकडे सरकणार आणि लगेच कळणार. आणि रंग कोणता, तर काकूंची नेलपॉलिश. पस्तीस वर्षं त्यांच्या औजारांच्या पिशवीत ती बाटली असायची. प्लांटमधले सोबती चिडवायचे, “वहिनीच्या नखापेक्षा नटालेच जास्त लागली ना!” काका म्हणायचे, “लागू दे. नखं गळत नाहीत, नट गळते.”

आठही नट कसून त्यांनी आठ रेघा ओढल्या. मग स्वतःच्या घरचं जुनं बीपीचं यंत्र आणलं, त्याची रबरी नळी पंपाच्या तोंडाला जोडली आणि फुगा दाबून आत हवा भरली. सुई चढली. आम्ही चहा प्यायलो, पोहे खाल्ले, तासभर गप्पा मारल्या. सुई जागची हलली नाही.

“झालं. आता पाणी भर,” काका म्हणाले. “पण झाकणाचा पल्ला लावाच्या आधी मले फोन कर. ही वरची नळी थोडी बाहेर हाये. पल्ल्याले टेकन. मी येतो, दोन मिनिटाचं काम हाये.”

मी फोन केला नाही.

आमच्या मराठी मंडळाचं दिवाळी मिलन होतं. लोकांनी घरचे जुने फोटो दिले होते, वसाहत उभी राहत असतानाचे, आणि ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. नव्या संगणकावर. त्या सकाळी पल्ला लावायला घेतला, तर खरंच रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट राहत होती. काका हुडकोहून स्कूटरनं वीस मिनिटांत आले असते. पण त्यांना बोलावलं असतं तर ते माझ्यासोबत हॉलमध्ये आले असते, आणि लोकांनी विचारलं असतं की हे कोणी बनवलं. मला ते वाटून घ्यायचं नव्हतं. हे मी आज स्पष्ट लिहू शकतो. त्या सकाळी मी स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास.

मी सातवा नट अर्धा आटा सैल केला, नळी आत दाबली, नट परत कसला. पल्ला बसला. लाल रेघेचे दोन तुकडे झालेले मला दिसले. पुन्हा हवा भरून पाहायला हवं होतं. बीपीचं यंत्र काकांकडे होतं.

हॉलमध्ये दीडशे माणसं असतील. मी पेटी टेबलावर ठेवली आणि माईकवर म्हणालो, “हा मी स्वतः बनवलेला संगणक आहे.” काका तिसऱ्या रांगेत काकूंजवळ बसले होते. ते टाळ्या वाजवत होते.

बाराव्या की तेराव्या फोटोला पडदा काळा झाला. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ओल पसरत होती. मंडळाचे सचिव धावत आले. “अहो, पाणी कुठून येऊन राहिलं?”

माईक माझ्या हातात चालूच होता. मी म्हणालो, “नळ्यांचे जॉइंट काकांनी केले होते. वय झालं आता त्यांचं, हाताला पहिल्यासारखी पकड राहिली नाही.”

बनवला तेव्हा मी बनवला होता. गळला तेव्हा काकांनी.

मागून काकांच्याच जुन्या वर्कशॉपमधला एकजण ओरडला, “वहिनी, यंदा नेलपॉलिश पातळ होती वाटते!” लोक हसले. काका उठून पुढे आले. त्यांनी पल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवून ओलावा पाहिला आणि मला हळूच विचारलं, “तू कोण्या नटाले हात लावला का?”

“नाही, काका. पल्ला दाबला, तसाच बसला.”

“बरं. उद्या घेऊन ये. पाहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याकडे जायच्या आधी, मी पेटी उघडली आणि सातव्या नटावरचे ते दोन तुकडे पुसून काढले. बायको दारात आली.

“अहो, हा वास कसला? माझी बाटली कशाला घेतली?”

“सर्किट साफ करतोय,” मी म्हणालो. तिलाही खोटंच.

काकांनी चष्मा लावून एकेक नट पाहिला. बोटानं मोजत गेले. सातव्यावर बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग टॉर्च मागवली.

“इथं खूण नाही,” ते म्हणाले.

मी टॉर्च धरून उभा होतो.

“म्हणजे हा मी कसलाच नाही. खूण केल्याशिवाय मी नटावरचा पाना काढत नाही बाबू, आजवर नाही काढला.” त्यांनी चष्मा काढला. “राहूनच गेलं माह्याकडून. नुसता बोटानं बसवला असन, तेवढ्यावर हवा थांबली. आणि मले वाटलं, आठही झाले.”

“होतं काका असं,” मी म्हणालो. हे वाक्य मला अजून झोंबतं. मी त्यांना माफ केलं होतं!

बिघडलेल्या बोर्डाचं मला फार वाटलं नाही, दुसरा आला. काकांचं मात्र काहीतरी सुटत गेलं. आधी कळलं की त्यांनी कोणाचं तरी गॅसचं काम नाकारलं. मग त्यांनी नळ्या वळवायचं औजार एका ओळखीच्या प्लंबरला देऊन टाकलं. जानेवारीत मी तिळगूळ द्यायला गेलो, तर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“तुम्हीच सांगा ना त्यांले. घरून निघालो की परत येऊन कुलूप ओढून पाह्यतेत. गॅस बंद केला का म्हणून मले दहादा विचारतेत. स्कूटर बंद केली चालवणं. म्हणतेत, माह्यं डोकं जाऊन राहिलं, कोणाचा जीव घेईन मी. तुमचं ऐकतीन. डॉक्टरकडे तरी न्या.”

मी हो म्हणालो. मीच त्यांना माझ्या मोटरसायकलवर बसवून सिविक सेंटरजवळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, कब से भूल रहे हैं? काकांनी तारीखवार सांगितलं. दिवाळी मिलनाच्या आधी, व्हरांड्यातल्या कामाचा तिसरा रविवार, पेटीतला सातवा नट. डॉक्टरांनी त्यांना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकांनी पाचही शब्द क्रमानं सांगितले. डॉक्टर म्हणाले, मुझसे अच्छी याददाश्त है आपकी. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “डॉक्टरले का माहीत. त्याच्या पाच शब्दानं पाणी थांबते का? नटाले खूण नव्हती, हे तं मी डोळ्यानं पाह्यलं.”

तेव्हा मला उमगलं की जगातला कुठलाही डॉक्टर त्यांना बरं करू शकणार नव्हता. त्यांना काय झालं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. मोटरसायकल स्टँडवरच होती. मी किल्ली खिशात ठेवली आणि सांगितलं. खूण होती. मिलनाच्या सकाळी नट मी फिरवला. खूण दुसऱ्या दिवशी मी पुसली.

ते माझ्याकडे वळले.

“होती?”

“होती, काका.”

“आठही होत्या?”

“आठही.”

“अन् मी तुले विचारलं होतं, हात लावला का म्हणून.”

“हो.”

“तीन महिने,” ते म्हणाले, “तीन महिने तुह्या काकूले मी विचारून राहिलो, गॅस बंद हाये का म्हणून. ते बिचारी उठून उठून पाह्यते.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “कावून केलं बे असं? मी का तुह्यापासून संगणक मागून राहिलो होतो?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“मले नको सांगू. हॉलमध्ये म्हटलं होतं ना तू, माईकवर? मंग तिथंच सांग.” आणि समोरून जाणारी ऑटो थांबवून ते एकटेच गेले.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमापर्यंत दोन महिने वेळ होता. त्या दोन महिन्यांत मी त्यांना तोंड दाखवलं नाही. सचिवांना मी पाच मिनिटं मागितली. ते म्हणाले, “कशाबद्दल?” मी म्हणालो, दिवाळीच्या फोटोंबद्दल. बायकोला मात्र आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला वास आला होता. मी विचारायला हवं होतं पुन्हा.” सकाळी ती माझ्यासोबत निघाली आणि पहिल्या रांगेत बसली.

काका आले होते. काकूही. ते मागे, दाराजवळच्या खुर्चीवर होते, पिवळा सदरा घालून, आणि माझ्याकडे न पाहता कोणाशी तरी बोलत होते. माझ्या नावाची घोषणा झाली. माईक हातात घेतल्यावर मला लिहून आणलेला कागद वाचता येईना. मी तो घडी करून ठेवला आणि जे आलं ते बोललो.

“दिवाळीला इथं माझा संगणक गळला तेव्हा मी म्हटलं होतं की जॉइंट काकांनी केले आणि त्यांची पकड गेली. ते खोटं होतं. त्यांचे आठही जॉइंट पक्के होते. त्यातला एक मी त्यांना न विचारता सैल केला, कारण मला सगळं एकट्यानं बनवल्याचं दाखवायचं होतं. मग त्यांनी केलेली खूण मी पुसली आणि त्यांना वाटू दिलं की ते विसरले. तुम्ही हसलात ते माझ्या बोलण्यामुळे. काका, तुम्ही काहीही विसरला नव्हता. तुमच्या हातात आणि डोक्यात काहीही कमी झालेलं नाही. काकू, तुम्हालाही मी तीन महिने त्रास दिला. मी चुकलो. तुमच्या दोघांची, सगळ्यांसमोर, मी माफी मागतो.”