समोरच्यानं बांधायचा मुखवटा

माझी नोकरी वाळूजच्या कारखान्यात माल तपासायची. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची, त्याचाच पगार. ही खोड अंगात इतकी भिनलीय की घरी भाजी आली तरी मी पिशवी उलटी करून बघतो. बायको म्हणते, तुम्ही प्रसादातसुद्धा खडा शोधाल. शोधीन, का नाही?

तर असा माणूस चाळिशी उलटल्यावर शिवकालीन तलवारबाजी शिकायला गेला. औरंगपुऱ्याजवळच्या मैदानावर सकाळी वर्ग भरायचा. तलवारी फक्त हात फिरवायला. जोडीनं खेळताना मात्र कातडं गुंडाळलेली काठी, म्हणजे गदका, दुसऱ्या हातात छोटी ढाल आणि तोंडावर जाळीचा मुखवटा. वस्तादांचा एक नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. आपला मुखवटा आपण बांधायचा नाही, समोरच्यानं बांधायचा आणि ओढून बघायचा. "ज्याला मारायचंय त्याचा डोळा आधी सांभाळा," असं ते म्हणायचे.

मला हा नियम पहिल्या दिवसापासून खटकला. आपला डोळा दुसऱ्याच्या हातात का म्हणून द्यायचा?

माझा जोडीदार अजिंठ्याकडचा, माझ्याहून जरा लहान, औषधाच्या दुकानात कामाला. पहिल्याच आठवड्यात माझा गदका त्याच्या बोटावर बसला. बोट टम्म सुजलं, तरी हा हसला. "होतं भाऊ, चालायचंच." बोट सुजल्यावर कोण हसतं? मी असतो तर महिनाभर बोललो नसतो. म्हटलं, यानं डूख धरलाय. पुढं एकदा खेळताना माझा मुखवटा सैल होऊन हनुवटीवर आला. मुखवटे सगळ्यांत मिळून वापरायचे, पट्ट्यांचं इलॅस्टिक जुनं झालेलं, हे मलाही दिसत होतं. तरी मनातली पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तेव्हापासून तो माझा मुखवटा बांधायला लागला की माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडं. गाठ किती वेळा फिरवली, ओढून बघितलं का. आणि वस्तादांची पाठ वळली की मी चपला सरळ करायच्या निमित्तानं बाजूला जाऊन पुन्हा आवळून घ्यायचो. हा चोरटेपणा आहे, असं मला वाटलंही नाही. उलट हुशारीच वाटायची.

एका सकाळी असंच झालं. त्याचा मुखवटा मी बांधला खरा, पण डोळे होते त्यानं खाली ठेवलेल्या गदक्यावर. कातडं एका टोकाला उसवलेलं दिसलं आणि मला वाटलं, यानं मुद्दामच हा निवडला असणार. त्या नादात त्याचा पट्टा ओढून बघायचं राहिलं. मग खेळ सुरू झाला. मी डोक्यावर वार केला, त्याचा मुखवटा वर सरकला आणि माझ्या काठीचं टोक त्याच्या भुवईत घुसलं. तो खाली बसला. बोटांमधून रक्त यायला लागलं.

वस्ताद धावत आले. "कुणी बांधला होता?" मी त्याची पडलेली ढाल उचलायला खाली वाकलो.

"मीच म्हणलो, सैल ठेवा. लई आवळत होतं," तो म्हणाला.

खोटं बोलला तो. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं की याच्या बदल्यात हा आता माझ्याकडून काय काढणार?

दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. परत येताना रिक्षात मी विचारलंच, "तू खोटं का बोललास?"

"वस्तादांनी तुम्हाला काढलं असतं ना भाऊ."

"मग काढू द्यायचं. तुझं काय गेलं असतं?"

त्यानं पट्टीवरून हात फिरवला. "दुसऱ्या कुणी बांधला तर मी हळूच चाचपून बघतो. भ्या वाटतं डोळ्याचं. तुमचं मात्र मी कधी बघितलं नाय. म्हणलं, हा माणूस तपासल्याबिगर सोडायचा नाय."