दुपारी दीडला एसी बंद करणारे आबा

"आबा गेले. सकाळी चहा घेतला नि टेकले, ते टेकलेच…" मूर्तिकारांच्या जोहे गावाहून त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी आमच्या रोह्यात, अष्टमीच्या पुलावर गर्दीत अडकलो होतो. मागचे हॉर्न वाजत राहिले आणि मला आठवली ती माझ्या गाढवपणाची दुपार.

पेणच्या एका व्यापारी इमारतीत आबा एसीची यंत्रं सांभाळायचे. उन्हाळ्यात दुपारी विजेचा भार मंजूर मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून काय करावं, हे ठरवायला मालकांनी मला बोलावलं. मी संगणकावर इमारतीचं मॉडेल बांधलं: कोणती भिंत केव्हा तापते, एसी किती वेळ बंद ठेवता येईल, सगळं त्यात. आबा रोज दीडला एसी बंद करत, तो थेट साडेतीनला सुरू. मॉडेल म्हणालं, अर्ध्या तासात ऑफिसांची भट्टी होईल. मी ऐटीत लिहून दिलं, 'पद्धत अशास्त्रीय. संगणक बसवावा. ऑपरेटरची गरज नाही.' एका ओळीत माणसाची नोकरी…

मालक म्हणाले, आधी मोजून दाखवा. मे महिन्यात मोजायला बसलो. तीन वाजले तरी ऑफिसं गार. मी थर्मामीटर बदलला. दुसराही तेच सांगत होता. आबा दारात उभे.

"सायेब, तिसरा आनू काय? नायतर वर चला."

वरच्या हॉलच्या खिडक्या सताड उघड्या, नि पाय ठेवायला जागा नाही इतक्या ओल्या शाडूच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. सुकता सुकता त्या खालच्या ऑफिसांचं छत गार ठेवत होत्या. मी हॉल मोजला होता दिवाळीनंतर. रिकामा.

"गनपती गेल्यावर खोली मोजलीत व्हय? नि म्हनं रोह्याचे." मग एका मूर्तीच्या पाठीला हात लावून म्हणाले, "माती सुकंल तशी येळ कमी करायची. आज साडेतीन. जेठ सरताना अडीच."

आठवडाभर खपून मी मातीतली ओल मॉडेलमध्ये घातली. संगणकाची वेळ आणि आबांची वेळ यांत पाच मिनिटांचा फरक. मूर्तिकारांच्या घरातल्या त्या तळहातात माझी सगळी समीकरणं आधीच सुटलेली होती…

"मंग माज्या नोकरीचा काय?" त्यांनी हळूच विचारलं.

ती ओळ मी त्यांच्यासमोर खोडली. शेवटपर्यंत ते कामावर होते.

परवा मालकांनी नव्या ऑपरेटरची जाहिरात लिहायला सांगितली. शैक्षणिक पात्रतेसमोर मी लिहिलं, 'शाडूची मूर्ती घडवता आली पाहिजे.' त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी चेष्टा करतोय.