शंकरसिंगच्या चक्कीतली गर्दी

चक्कीवाला पीठ मारतो, असं सगळं जग म्हणतं. आमच्या आर्णी रस्त्यावरच्या गावात मात्र उलटी रीत. शंकरसिंगच्या चक्कीत डबा ओळीत ठेवायचा आणि खुशाल घरी निघून जायचं. डबा कोणाचा हे त्याला तोंडपाठ, म्हणून डब्यालाही तो मालकाच्याच नावानं ओळखतो. "पुंडलिकराव दळून झाले, आता शकुबाईले टाकतो," असं तो सहज बोलून जातो. नवा माणूस दचकतो. आम्हाला त्यात आता हसूही येत नाही.

पण ज्याच्यावर गाव एवढा विश्वास टाकतं, तोच माणूस गावात सगळ्यात संशयी. त्याची बायको सुखीबाई म्हणते, "हा तं मांजरीले बी इचारते, तुले कोनं धाडलं म्हनून."

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात पीठ जीवनावश्यक ठरलं आणि चक्कीला परवानगी मिळाली. समोरचं देवीलालचं सायकल-पंक्चरचं दुकान मात्र बंद. दोघं एकाच तांड्यात वाढलेले, एका ताटात जेवलेले. तरी शंकरसिंगच्या मनात पाल चुकचुकायची. "वकीलसाहेब, देवीलाल ओट्यावर बसून माह्या चक्कीकडंच पाहाते. पोटात दुखून राह्यलं त्याच्या." मी आर्णीच्या कोर्टात वकिली करतो. कोर्ट जवळपास बंदच होतं, त्यामुळे असलं सगळं ऐकायला मला वेळ होता.

एका दुपारी गर्दीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी पथकाची गाडी आली. चक्कीत शंकरसिंग एकटाच होता. तरी साहेबलोकांनी ठरवून टाकलं, की गर्दी मागच्या दारानं पळाली. डबे आतच ठेवून त्यांनी चक्कीला सील ठोकलं आणि गर्दी जमवल्याचा ठपका ठेवला. पंचनाम्याला पंच हवा होता, म्हणून समोरच्या ओट्यावरून देवीलालला बोलावलं. त्यानं सही केली.

झालं! शंकरसिंगला हवा तो चोर सापडला. भर चौकात तो देवीलालवर तुटून पडला. "चुगलखोर! पंक्चर काहाडता काहाडता मानसाची हवा काहाडाले शिकला काय?"

"सील लागलं म्हनून सही मांगतली, मी देली," एवढंच देवीलाल म्हणाला आणि घरी गेला. मला शंकरसिंगचा मनस्वी राग आला. भांडायला चौकच कशाला हवा होता? पण अशील पडला. त्यात परवाना रद्द का करू नये, अशी नोटीसही आली होती. परवाना गेला असता तर चक्की कायमची गेली असती आणि शंकरसिंगला दुसरं काही येत नव्हतं.

सुनावणीला तहसीलदार साहेबांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. पथकातल्या एकानं धाड घालण्याआधी गिऱ्हाईक बनून फोन केला होता. "गर्दी आहे काय हो?" त्यावर आमच्या अशिलाचा खणखणीत आवाज आला, "हाये ना! पुंडलिकराव लागले हायेत, मंग शकुबाई, भुरीबाई बसल्या हायेत, सगळ्यात मांगं देवीलाल. या तुमीबी!"

मी कपाळावर हात मारला. चुगली कोणीच केली नव्हती. शंकरसिंगनंच स्वतःच्या तोंडानं स्वतःला बांधून दिलं होतं. त्याची मान खाली गेली.

"साहेब, ते डबे आहेत," मी म्हणालो.

"डबे बसतात का, वकीलसाहेब?"

आता सगळं पंचाच्या हातात होतं. देवीलाल दाराशी उभा होता. ज्याची चौकात अब्रू काढली, तो आज खरं कशाला बोलेल? खोटं कशाला सांगू, शंका माझ्याही मनात आली.

"तुम्ही चक्कीत होता?" साहेबांनी त्याला विचारलं.

"नाही जी. मी माह्या ओट्यावर व्हतो. तुमच्या मानसायनंच मले तिथून सहीले बलावलं."

"मग फोनवरचा देवीलाल कोण?"

"तो माहा डबा. जवारीचा."

"आणि पुंडलिकराव?"

"तेबी डबाच. लाल झाकनाचे."

साहेबांना हसू आवरेना. सील निघालं, परवाना वाचला. शंकरसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा ओळ मोडली, देवीलालची ज्वारी आधी दळली आणि पीठ स्वतः त्याच्या घरी पोचवलं. देवीलालनं डबा घेतला आणि "बरं" म्हणाला.

पुढच्या वेळी देवीलाल दळण घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यानं डबा ओळीत ठेवला आणि बाजूला उभा राहिला.

"जाय ना भाऊ घरी," शंकरसिंग म्हणाला. "झालं का हाक मारतो."

"नाही. उभाच राह्यतो."

शेवटची मूठ दळून होईपर्यंत त्यानं पिठावरची नजर काढली नाही. तो गेल्यावर शंकरसिंग माझ्याकडे वळला. "वकीलसाहेब, त्याले काय वाटते, मी त्याचं पीठ मारीन?" मी काय सांगणार, कप्पाळ!

डब्यांची ओळ अजून लागते. पुंडलिकराव असतात, शकुबाई असतात, आणि आता देवीलाल खरोखरच असतो.