रफूवाल्या मावशी आणि खादाड दीर्घिका

तीस वर्षं रफू करून मावशींचे हात थकले, पण नजर घारीचीच राहिली. म्हणून वेधशाळेतल्या भाचीने त्यांना दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्यांची, छायाचित्रं तपासायला बसवलं. एका दुपारी एका भल्यामोठ्या दीर्घिकेभोवती त्यांना पुसटशी कमान दिसली.

"भिंगावरचा डाग असेल," भाची म्हणाली.

"डाग सगळ्याच फोटोंत दिसला असता. ही कमान हिच्याच भोवती आहे, दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतसुद्धा. इथे काहीतरी जोडलंय, बाई!"

भाचीने दुर्बिणीतून बराच वेळ प्रकाश साठवून नवं छायाचित्र घ्यायला लावलं. कमान लख्ख उमटली. एक छोटी दीर्घिका मोठीत विरून गेली होती, आणि तिचे तारे अजून बाहेर रेंगाळत होते.

"मोठ्या दीर्घिका अशाच वाढतात, मावशी. लहानग्यांना सामावून घेत घेत."

"सामावून कसलं? गिळून गलेलठ्ठ झालीय मेली!" मावशी खो खो हसल्या.

महिनाभरात त्यांनी आणखी अकरा खादाड दीर्घिका पकडल्या. शेवटी वेधशाळेच्या प्रमुखांनीच हात जोडले, "नव्या लोकांना जरा तुम्हीच शिकवा."