शनिवारी पायी आलेला माणूस

संत योसेफाला मी लहानपणापासून मानतो. आमच्या घराण्यात सुतारकी आणि तो सुतारांचा संत, तेव्हा ते ओघानंच आलं. रोह्यातल्या माझ्या दुकानात भिंतीवर त्याची लाकडी मूर्ती आहे. एका हातात काटकोन बघायचा गुण्या, दुसऱ्या हातावर बाळ येशू. दर बुधवारी तिच्यापुढे मेणबत्ती लावतो आणि मग कामाला हात घालतो. पण मनातलं सांगायचं तर त्याच्याशी माझं कधी सूत जमलं नव्हतं. येशूची गोष्ट सांगणाऱ्या अख्ख्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो, हा उठतो आणि सांगितलेलं करतो, बस्स. आणि मी पडलो बोलघेवडा. रंधा थांबेल पण ह्यांचं तोंड थांबणार नाही, असं बायको म्हणते. अशा मुक्या संताकडे मागायचं तरी काय? फार तर म्हणायचो, बाबा, सांधा नीट बसू दे.

शिवाय तो त्या बाळाचा जन्मदाता नव्हता. त्याच्या या बाजूचा विचार मी टाळायचो, कारण ती माझ्या फार जवळची होती. आमची रीटा आमच्या पोटची नाही. तान्ही असताना आम्ही तिला दत्तक घेतलं, नाव मी ठेवलं. कॉलेजात जायला लागली की सांगू, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं. ओलं लाकूड घाईनं जोडू नये, सुकताना सांधा उघडतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवतो. इथे मात्र थांबता थांबता लाकूडच चिरलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पेणला नात्यातलं लग्न होतं. तिथेच राहणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या आतेनं रीटाच्या गालावरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाली, "दुसऱ्याचं पोर, पण कसा जीव लावून वाढवलाय गो ह्यांनी!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी पेणच्या गणपती कारखान्यांसाठी केलेले पाट टेम्पोत चढवत होतो. रीटा दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"पपा, आते बोलली ते खरं हाय?"

एरवी रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून बोलणारा मी, त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही. हातातला पाट धरून तसाच उभा राहिलो. तिनं थोडी वाट पाहिली आणि वळून निघून गेली. मला वाटलं, आईकडे गेली असेल. जेवायच्या वेळी कळलं की ती घरात नाही, आणि मोबाईल उशाशी ठेवून गेली आहे.

एसटी स्टँड पाहिला, चर्च पाहिलं, धाटावला तिची मैत्रीण राहते तिथे जाऊन आलो. मग वाटलं, आतेलाच जाब विचारायला गेली असेल. तशीच मोटरसायकल नागोठण्यावरून पेणला हाणली. रीटा तिथेही नव्हती. मी आतेला नको नको ते बोललो. बिचारी तोंडाला पदर लावून रडत बसली. परत येताना भीतीच्या जागी राग येऊ लागला. एवढं वाढवलं, आणि एका शब्दापायी पोरगी घर सोडते? सापडली की काय काय सुनवायचं, ते सगळं मी वाटेत मनाशी पाठ केलं.

रोह्यात शिरायच्या आधी अष्टमी गावाच्या पुलावर आलो. गाडी लावली. खाली कुंडलिका नदीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. कठड्याला धरून मी पहिल्यांदाच त्या मुक्या संताशी नीट बोललो. म्हटलं, योसेफा, तुझा येशूही लहानपणी हरवला होता ना सणाच्या गर्दीत? मग माझं काय होतंय ते तुला सांगायला नको. मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

माझ्या मागून, अष्टमीच्या बाजूनं, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येत होते. ऊन कलतीला लागलं होतं, तरी डांबर तापलेलं होतं. डोक्याला बसकी टोपी, सदरा घामानं भिजलेला. माझ्यापाशी येऊन ते थांबले. माझ्या कानावर अडकवलेली पेन्सिल त्यांनी पाहिली.

"सुतार ना तुम्ही? पोरगी बरी हाय. आमच्या घरी हाय. जेवली पण."

मी धावत जाऊन गाडी चालू केली. म्हटलं, "चला, बसा गाडीवर."

"नाय हो. आज शनिवार. आम्ही यहुदी, शब्बाथाला गाडीवर बसत नाय, फोनला हात लावत नाय. म्हणून तर तुमच्याकडं चालत निघालो."

"मग घर सांगा, मी पुढं होतो."

त्यांनी गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "पुढं जाऊ नका. तोंड बघा, किती लाल झालंय तुमचं. पोरगी आधीच घाबरलेली हाय. माझ्याबरोबर चालत या."

मला त्यांचा रागच आला. पण घर त्यांनाच ठाऊक. मी गाडी ढकलत त्यांच्या बाजूनं चालू लागलो. त्यांचे गुडघे दुखत होते, दर थोड्या वेळानं ते थांबत. मुलं केव्हाच इस्राएलला गेली, इथे नवरा-बायको दोघंच उरलो, असं सांगत होते. रीटा नदीकाठच्या पायऱ्यांवर रडत बसलेली त्यांना दिसली. बायकोनं तिला घरी नेलं आणि शुक्रवारीच करून ठेवलेलं जेवण वाढलं. कुठली, काय, ते त्यांनी पार दुपारनंतर विचारलं. ते ऐकता ऐकता मी पाठ केलेली वाक्यं एकेक करून कुठे गळली, मला कळलं नाही. नाव विचारलं. योसेफ म्हणाले असते तर ही गोष्ट फार रंगली असती, पण ते सॅम्युएल निघाले. जे झालं तेच लिहितो.

त्यांच्या घराच्या ओट्यावर त्यांच्या बायकोशेजारी रीटा बसली होती. मला बघून तिनं अंग चोरलं. मी तिच्याजवळ बसलो. तिनंच विचारलं, "ओरडणार?"

"नाय."

"मग सांगा."

मी सांगितलं. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझ्या बोटांना पॉलिशचा वास होता आणि तिला शिंका आल्या, हेही सांगितलं. ती रडली, मीही रडलो. मग डोळे पुसून म्हणाली, "पाट पोचवले?"

"टेम्पोतच हायत."

"सोमवारी मी पण येते पेणला. आते रडत असेल ना?"

निघताना मी सॅम्युएलकाकांना विचारलं, पेन्सिल दिसली ते ठीक, पण सुताराला शोधायचं हे तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "तिनंच सांगितलं. मी विचारलं, कुणाची गो तू? रडत रडत म्हणाली, रोह्याच्या सुताराची."

आता बुधवारी मेणबत्ती लावतो तेव्हा मी फारसं मागत नाही. सॅम्युएलकाका त्या दिवशी गाडीवर बसले असते, तर मी रागासकट त्या ओट्यावर पोचलो असतो. मला वेग हवा होता, आणि माझ्यापुढे पायी चालणारा माणूस आला. आपण हात टेकले की पुढचं योसेफ त्याच्या चालीनं नेतो, एवढंच मला उमगलं, आणि त्या चालीबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. येशूच्या गावचे, नासरेथचे लोक त्याच्याबद्दल हेटाळणीनं म्हणाले होते, हा त्या सुताराचाच मुलगा ना? योसेफ तेव्हा बहुधा हयात नव्हता, त्याच्या कानावर ते कधी पडलंच नसेल. मला मात्र ऐकायला मिळालं.