इसाक वस्ताद आणि धुळ्याची गाडी

इसाक पिंजारीच्या पायाला भिंगरी होती. असं आपण कुणाहीबद्दल म्हणतो, पण इसाकच्या बाबतीत सगळ्या खानदेशानं ती भिंगरी बघितली होती. बाप धुळ्याहून निघून कापूस पिंजायची पिंजण खांद्यावर टाकायचा आणि गावोगाव गाद्या भरत हिंडायचा. पोरानं पिंजण सोडली, हिंडणं काही सोडलं नाही. फरक इतकाच की बापाच्या खांद्यावर पिंजण होती आणि पोराच्या पायात फुटबॉल.

तो डाव्या बाजूनं असा सुटायचा, की समोरचा बॅक वळेपर्यंत हा कॉर्नरच्या झेंड्यापाशी. हे पाहून धुळ्याच्या एका गिरणीनं त्याला कामावर घेतलं. हजेरी सूतखात्यात, काम मैदानात. पगार धाग्याचा आणि घाम चेंडूसाठी, असं लोक हसून म्हणत. इसाकलाही त्याचं काही वाटत नसे. पोटासाठी खेळणारा माणूस होता तो, आणि ते सांगायला लाजत नसे.

मग एका फायनलला गुडघा मुरगळला. हाफ टाइमला मॅनेजरसाहेबांचा शिपाई आला आणि म्हणाला, "शर्ट काढून दे, साहेबांनी मागितलाय." संघाकडे शर्ट मोजके होते आणि बदली खेळाडूला घालायला शर्ट हवा होता. साहेबाला स्वतः दोन पावलं चालत येऊन सांगावंसं वाटलं नाही. इसाकनं सगळ्या धुळ्यादेखत शर्ट उतरवला आणि उरलेला सामना बनियनवर उभं राहून पाहिला. गुडघा पुढं बरा झाला. हे मात्र बरं झालं नाही.

त्यानंतर इसाक कुठं टिकलाच नाही. बऱ्हाणपूर, इंदूर, भुसावळ, जिथं चेंडूवर पैसे मिळाले तिथं तो खेळला, आणि खेळणं सरल्यावर शिकवायला लागला. अमळनेरला गेला, जळगावला गेला. हात असा की दगडाला पास द्यायला शिकवील. पण मोसम रंगात आला, फायनलबियनल जवळ आली, की याची नजर एसटी स्टँडकडे वळायची. कुणी आपल्याला हाकलायच्या आत आपणच निघावं, हे त्याचं शास्त्र. निमित्त कसलंही चालायचं. सेक्रेटरी नीट बोलला नाही, चहा गार दिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं तर याला उत्तम नाचता येत होतं, तरी अंगण वाकडंच.

दर वेळी बिऱ्हाड बांधायची ती नसीम. त्याची बायको मूळची पारोळ्याची, बोलायला कमी आणि शिवायला हुशार. तिचं शिलाईमशीन एसटीच्या टपावर चढवताना इसाक हमालाला ओरडायचा, आणि ती खिडकीशी बसून समोर बघत राहायची. एका गावात गिऱ्हाईक जमतं न जमतं तोच पुढचं गाव. असं किती वर्षं एका बाईनं सोसायचं?

शहाऐंशी साली ही दोघं रावेरला आली. तिथल्या जीवरामभाऊ महाजनांना फुटबॉलचं वेड होतं. केळीच्या बागा, दोन ट्रक, आणि बऱ्हाणपूरच्या संघाकडून दर वर्षी हरण्याचं दुःख, एवढी त्यांची इस्टेट. त्यांनी आपल्या बागेतले कापणारे आणि वाहणारे गडी गोळा केले, इसाकला बोलावलं आणि म्हणाले, "वस्ताद, ह्ये घ्या पोट्टे. तुम्ही काही बी करा, मले बऱ्हाणपूरवाल्याईचं हारलेलं तोंड पाह्याचं हाये."

पोरं दांडगी होती. भटू गोलात उभा राहिला की गोल लहान दिसायचा. वना पावरा पुढं पळायचा तर त्याच्या मागं धूळसुद्धा उशिरा उठायची. पण एक भानगड होती. एकदा ज्याच्या पायात चेंडू आला तो दुसऱ्याला देईच ना. अकरा जण, अकरा सामने. इसाक लाइनीबाहेर इकडून तिकडे धावत ओरडायचा, "अरे दे, दे! समोर माणूस मोकळा आहे!" पोरं मान हलवायची आणि तशीच पुढं जायची. मैदानाबाहेर वस्तादच जास्त पळतात, अशी गावात थट्टा सुरू झाली.

शेवटी त्यानं वनाला धरून विचारलं. वना तोंडाकडे बघत राहिला. "वस्ताद, उचललेला घड मधात कुनाले देतेत का? माल काया पडते ना."

तेव्हा इसाकच्या डोक्यात उजेड पडला. केळीचा घड एकदा खांद्यावर घेतला की बागेतून थेट रस्त्यावरच्या गाडीपर्यंत त्यानंच न्यायचा. वाटेत खांदेपालट केली तर घड घासतो, केळी काळी पडते, व्यापारी नाक मुरडतो. लहानपणापासून अंगात मुरलेली शिस्त होती ती, आणि पोरं चेंडूलाही प्रामाणिकपणे तीच लावत होती. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यामागं रेल्वे स्टेशनवर गेला. दिल्लीला जाणाऱ्या वॅगन भरायचं काम चाललं होतं. बागेतला नियम तिथं उलटा. वॅगनच्या दारातून आतपर्यंत माणसांची रांग, आणि घड या हातातून त्या हातात. कुणी क्षणभर धरून उभा राहिला तर मागचा शिव्या घालायचा.

संध्याकाळी इसाकनं सगळ्यांना मैदानात बसवलं आणि सांगितलं, "हे शेत नाही. ही वॅगन आहे. आला की दिला." एवढंच. त्या दिवसापासून चेंडू असा फिरायला लागला की बघणाऱ्यांच्या माना दुखाव्यात. मैदानात कुणी चेंडू धरून ठेवला की बाकीचे ओरडायचे, "वॅगन, वॅगन!" समोरच्या संघाला वाटायचं ही यांची काही गुप्त भाषा आहे.

दोन मोसमांत बऱ्हाणपूर हरलं. जीवरामभाऊंनी गावात पेढे वाटले. तिसऱ्या मोसमात, नवरात्र संपल्यावर, रावेरचा संघ जळगावच्या मोठ्या स्पर्धेत सेमी जिंकून फायनलला पोचला. आणि इसाकची नजर पुन्हा एसटी स्टँडकडे वळायला लागली.

त्यात आगीत तेल ओतायला रुपचंदशेठ आले. धुळ्याच्या एका क्लबचे ते कारभारी, सेमीफायनल बघायलाच आले होते. सामन्यानंतर इसाकचा हात धरून म्हणाले, "वस्ताद, धुळं तुमनं गाव शे. कितला दिन लोकेसना गावमा फिरशात?" कायमची नोकरी, राहायला खोली, आणि मैदान तेच, जिथं त्याचा शर्ट उतरवला होता. रविवारी संध्याकाळी कमिटी बसणार होती. तोवर इसाक आला तर जागा त्याची, नाही तर नाशिकचा माणूस तयारच होता. आणि फायनल रविवारी दुपारीच होती.

घरी त्यानं नसीमला सांगितलं. ती काजं करत होती. सुई न थांबवता म्हणाली, "तुमले जानं व्हई ते खुशाल जा. मी आते पेटी भराव नही. आठे मनी मशीन शे, आठे मी शे."

"म्हणजे मी एकट्यानं जाऊ?"

"मी जा बी म्हनत नही, ऱ्हा बी म्हनत नही."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली होती, आणि इसाकला ठाऊक होतं की ती बोलली ते बोलली. तरी शनिवारी स्पर्धेच्या मीटिंगसाठी तो एकटा जळगावला निघाला तेव्हा त्यानं पिशवीत दाढीचं सामान, नमाजाची टोपी आणि चांगले बूट भरले. आपण जाणार आहोत की नाही, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

संघ रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं यायचा होता. गाडी आली आणि तिच्यातून उतरला एकटा नूर महंमद. हा रावेरला सायकली दुरुस्त करायचा आणि संघात बॅक खेळायचा. केळीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो धापा टाकत म्हणाला, "वस्ताद, काल संध्याकाळी वॅगन लागली. अचानक. सगळे कापणीला गेले. जीवरामभाऊच घेऊन गेले."

वॅगन कधी लागेल याचा नेम नसे, आणि लागली की केळी थांबत नसे. हे इसाकला इतक्या दिवसांत समजलं नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी त्याला समजून घ्यायचंच नव्हतं. बघा, म्हणाला मनात, शेवटी यांनीही आपल्याला उघडं पाडलं. आणि कुणी? ज्यानं बोलावलं त्यानंच. एक प्रकारचा सुटकेचा आनंदसुद्धा झाला त्याला, निमित्त आयतं चालून आलं म्हणून. दुपारपर्यंत तो मैदान ते स्टेशन, स्टेशन ते मैदान असा फिरत राहिला. मग नूरला म्हणाला, "तू शर्ट घालून मैदानावर थांब. मी पोरांचा तपास काढून येतो." आणि पिशवी घेऊन तो सरळ एसटी स्टँडवर गेला आणि धुळ्याच्या गाडीत बसला.

पाळधी गेलं. कापसाची वावरं मागं पडत होती. नेहमी गाडी सुटली की त्याचा जीव थंड व्हायचा. या वेळी होईना. खिडकी उघडली, बंद केली, जागा बदलली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "भाऊ, पोट दुखस का?" आणि एकदम त्याच्या डोळ्यांपुढं नूर उभा राहिला. अख्ख्या जळगावादेखत मैदानात एकटा, शर्ट घालून, वस्ताद येतील म्हणून रस्त्याच्या दिशेनं बघणारा. शिपाई पाठवून शर्ट मागणाऱ्या साहेबाला इसाकनं आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. आपण तर शिपाईसुद्धा पाठवला नाही, हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

एरंडोलला तो उतरला. "तिकीट धुळ्याचं आहे," कंडक्टर म्हणाला. "असू दे," इसाक म्हणाला. परतीची एसटी मिळेना. तो एका टेम्पोत मिरच्यांच्या पोत्यांवर बसून, शिंकत, डोळे पुसत जळगावला परत आला.

मैदानावर गर्दी होती आणि सामना चालू होता. रावेरचे अकराच्या अकरा मैदानात होते. हात केळीच्या चिकानं काळे झालेले, कुणाच्या पायाला पट्टी, डोळे लाल. रात्रभर कापून, वॅगन भरून, जीवरामभाऊंच्या ट्रकमध्ये उभ्यानं आले होते. स्पर्धेच्या कमिटीनं अर्धा तास वाट पाहिली होती. दुसरा हाफ संपत आला होता आणि रावेरवर दोन गोल होते. चेंडू फिरत होता, पण पाय उचलत नव्हते.

बाकावर नसीम बसली होती, पोरांबरोबर ट्रकमधून आलेली. तिच्या मांडीवर पोरांचे सदरे होते.

"तू कशाला आलीस?" त्यानं विचारलं.

"एक रातसाठे कोनी चांगला बूट लई जात नही," ती म्हणाली. "तुम्ही शेतस का नही, हाई देखाले उनू."

तो आहे की गेला, तेच बघायला ती आली होती. तो तिच्या शेजारी बसला. शिट्टी झाली, रावेर हरलं, दोन शून्य. पोरं लंगडत बाकापाशी आली आणि जमिनीवर पसरली. जीवरामभाऊ पाण्याची बादली घेऊन आले आणि खाली मान घालून म्हणाले, "वस्ताद, माफी करा. माल सडला असता."

भटूनं बादलीत तोंड बुडवलं, वर काढलं. "वस्ताद, नूर म्हने तुमी आमाले पाह्याले गेल्ते. कुठवर गेल्ते हो?"

सगळे बघत होते. नसीमही बघत होती. एखाद्या गावाचं नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं.

"नाही रे," इसाक म्हणाला. "मी तुमचा तपास काढायला गेलो नव्हतो. पळून चाललो होतो. धुळ्याच्या गाडीत बसलो होतो, एरंडोलहून परत आलो."

वना गवत उपटत राहिला. मग भटूनं तोंड पुसलं.

"आले ना परत? मंग झालं," तो म्हणाला. "रातच्याले आमी बी म्हनत व्हतो, जाऊ द्या तो म्याच, झोपू घडीभर. मंग वना म्हने, वस्ताद तिथी एकटे हायेत. म्हनून आलो."