नजीरचाचांची नजर

नजीरचाचा नाणं धरत ते फक्त कडेनं, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये. नाण्याच्या चेहऱ्याला कुणी बोट लावलं की त्या हातावर चापट बसायची, मग तो हात कुणाचाही असो. माझ्याही हातावर बसली आहे, आणि तेव्हा मी मलकापूरच्या शाळेत शिकवणारी, चांगली बत्तीस वर्षांची बाई होते.

माझ्या भाड्याच्या खोलीसमोरच त्यांचं घर. ते कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते, कापसाची प्रत ठरवणारे. शेतकऱ्याच्या गाडीतून कापसाचा पुंजका उचलायचा, चिमटीत ताणून धागा बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर भाव ठरायचा. जुनी नाणी हा त्यांचा घरचा नाद. हे कळलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात आईचे लक्ष्मीपूजनातले तीन चांदीचे रुपये घेऊन गेले. लखलखीत होते अगदी. चाचांनी ते दाराच्या उजेडात तिरपे धरले आणि खाली ठेवले.

"मेले हे तिन्ही. कोनं घासले?"

"आईनं. दर दिवाळीला, चिंचेनं."

"मंग मायनंच मारले." माझा उतरलेला चेहरा त्यांना दिसला असावा, कारण लगेच म्हणाले, "मायेनं मारले म्हना. ते येगळं."

मला राग आला होता, पण दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले. मग जातच राहिले. नाण्याची हालत कशी ओळखायची हे त्यांनी मला शिकवलं. जो भाग उंच, तो आधी झिजतो, म्हणून आधी नाण्यावरच्या राणीच्या गालाचं हाड बघायचं. मग राणीच्या कानावरचे केस सुटे दिसतात की त्यांचा गोळा झालाय ते बघायचं. काळं पडलेलं नाणं पाहून नाक मुरडायचं नाही. "काळं म्हंजे त्याचं वय हाय, बाई. तुमी काऊन घाबरता वयाले?" खरी चमक आतून येते, तिला ते 'पाणी' म्हणत. घासलेल्या नाण्याला नुसती चकाकी असते, पाणी नसतं. त्यांच्या प्रतवाऱ्या तीनच होत्या : जितं, थकलं आणि मेलं. मी एकदा भिडेखातर कुणाच्या तरी थकलेल्या रुपयाला 'जितं' म्हटलं, तर दोन रविवार त्यांनी मला नाणं दाखवलं नाही. "हालत हाय ते सांगा. आपल्याले वाटते ते नका सांगू."

कापसाच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या होता. कापसात सर्वांत वाईट तो कवडी : किडीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, बोंडात चिकटून राहिलेला. अळी लागू न देणारं बीटीचं बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं चाचांना हा शब्द फारसा उच्चारावा लागला नाही. मग गुलाबी अळी त्या बीटीच्याच बोंडांत शिरली, आणि एका हंगामात त्यांच्या तोंडी दिवसभर दुसरा शब्दच राहिला नाही. संध्याकाळी घरी आले की ओट्यावर बसत. एकदा म्हणाले, "कवडी हे बी कधीकाळचं नानंच ना, बाई? सगळ्यात हलकं. दिवसभर तेच वाटत राह्यलो मी लोकायले."

त्याच हंगामात वडनेर भोलजीची एक बाई एकटीच गाडी घेऊन आली. वर चांगला आणि खाली खराब कापूस भरायची चलाखी तिनं केली नव्हती. उलट स्वतःच सर्वांत वाईट पुंजका काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सायेब, सगळा असाच हाय. येचता येचता बोटं फाटले." चाचांनी पुंजका ताणला. धागा तुटला. आणि ते बोलले, "पहिल्या नंबरचा."

जिनिंगच्या शेठनं गाडी पुन्हा उपसायला लावली. बाईला अखेर कवडीचाच भाव मिळाला. चाचांना बोलावून शेठ म्हणाला, "वय झालं, चाचा. नजर गेली असंल तुमची." शेठनं बिचाऱ्यानं सुटायला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर काम राहिलं असतं. पण नजर गेली हे कबूल करतील तर ते चाचा कसले!

"नजर शाबूत हाय, शेठ. मले दिसलं ते कवडीच होतं. जीभ खोटी बोल्ली."

काम गेलं. मी भेटायला गेले तर ते नाण्यांचा डबा न उघडता बसले होते. "एकडाव खोटं बोल्लो, त्याचं दुख नाही मले," ते म्हणाले. "चाळीस वर्सं खरं बोल्लो, त्यानं कोनाचं भलं झालं, ते सांगा."

पुढं दोन वर्षांत ते खंगत गेले. आजार पोटाचा होता, आणि डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. घरात येणारा जो तो म्हणायचा, "चाचा, बरे होसान." एका सकाळी मी खाटेशी बसले होते. त्यांनी स्वतःचा चेहरा दाराच्या उजेडाकडे तिरपा केला.

"पाह्य बरं. हालत सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मी पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, डोळे पिवळे झाले होते. त्यांनीच शिकवल्यामुळे मला सगळं दिसलं.

"पाणी आहे अजून, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मग हसले.

"घासलं तुनं," ते म्हणाले. आणि मग डोळे मिटून, "मायेनं घासलं. ते येगळं."

आठव्या दिवशी ते गेले. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, खरं बोलणं, आणि ते मला जमलं नाही. याची टोचणी गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. आईचे ते तीन रुपये आता माझ्याकडे आहेत. दिवाळीत मी ते कडेनं धरून देवापुढं ठेवते. चिंच लावत नाही. काळे पडत चाललेत.